धंदा बदलण्यापूर्वी

उत्तम शेती, मध्यम व्यापार व कनिष्ठ नोकरी ही म्हण आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती. आज गावोगावच्या पारावर ती उलटी करून सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यास कोणी हसत नाही. तीन-चार एकर कोरडवाहू जमीन, पदरी शिकणारी दोन मुले, वर्षाकाठी सोयाबीनचा एकच पैसा आणि वय पस्तिशी-चाळिशीचे, अशा स्थितीतील शेतकरी कृषी कार्यालयात येऊन "साहेब, हे सोडून दुसरे काय करावे?" असे विचारतो, तेव्हा योजनेचे एखादे पत्रक त्याच्या हाती देऊन त्यास वाटेला लावणे फार सोपे असते. परंतु त्याने विचारलेला प्रश्न त्याहून पुष्कळच मोठा असतो. आयुष्याची उरलेली वर्षे कोणत्या धंद्यात घालवावी, असे तो विचारीत असतो. ह्या प्रश्नाचा विचार कसा करावा व बदल करावयाचे ठरल्यास तो कसा पार पाडावा, हे धाराशिव जिल्ह्याच्या अनुभवावरून सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

बदल तीन वाटांनी येतो

आपल्या जिल्ह्यात धंदेबदल ही नवी गोष्ट नाही. तो तीन वाटांनी येत आला आहे.

पहिली वाट संकटाची. १९७२ च्या दुष्काळात कालपर्यंत औत धरणारे हात खडी फोडू लागले. त्या काळच्या दुष्काळी कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकारास आली व पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. आजही वाशी, भूम, कळंब ह्या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर कारखान्यांकडे ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतली, की नवरा-बायकोचा कोयता त्या हंगामापुरता बांधला गेला. असा बदल मनुष्य निवडत नाही, तो त्याच्यावर येऊन पडतो.

दुसरी वाट नकळत होणाऱ्या बदलाची. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खरिपातील ज्वारी, मूग, उडीद हळूहळू मागे पडले व त्यांच्या जागी सोयाबीन आले. आपण आपला धंदा बदलीत आहोत, असे त्या वेळी कोणास वाटले नाही. शेजाऱ्याने पेरले म्हणून आपण पेरले. परंतु पूर्वी घरचे धान्य, कडबा व थोडी रोकड देणारी शेती एका पिकाच्या रोकडीवर येऊन उभी राहिली. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा आधारभूत भाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तरी बाजारातील भाव बराच काळ त्याहून खाली राहिले. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन उभी पिके पाण्याखाली गेली. एका पिकावर सारे घर उभे असले म्हणजे काय होते, हे ह्या दोन वर्षांनी दाखविले.

तिसरी वाट ठरवून, मोजून व शिकून केलेल्या बदलाची. ती कमी लोकांनी धरली. परंतु तिचे एक उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडलेले आहे.

एका एकराचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्या जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावे त्यात उद्ध्वस्त झाली. घरे पुन्हा बांधण्याच्या कामात गावोगावच्या स्त्रिया पुढे आल्या. कै. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने त्यांच्या गटांना साथ दिली. पुनर्वसनाचे काम संपले तरी गट मोडले नाहीत. बचत, आरोग्य व पाणी असे करीत ते शेतीच्या प्रश्नापर्यंत येऊन पोचले.

२०१२ नंतर लागोपाठ दुष्काळाची वर्षे आली, तेव्हा ह्या स्त्रियांनी एक साधी गोष्ट केली. तोवर त्या स्वतःच्याच घरच्या शेतावर मजुरासारख्या राबत होत्या. काय पेरावे हे त्यांस कोणी विचारीत नसे. त्यांनी घरच्यांजवळ फक्त अर्धा ते एक एकर जमीन आपल्या विचाराने करावयास मागितली. त्या तुकड्यावर कमी पाण्यात येणाऱ्या भाज्या, डाळी व धान्ये मिश्र पद्धतीने घेतली, घरचे खत घातले, प्रथम घरच्या ताटाची सोय पाहिली व उरेल ते विकले. उरलेल्या जमिनीवर घरातील पुरुषांनी आपले नेहमीचे पीक चालू ठेवले. ह्या कामाबद्दल संस्थेस २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

ह्यात पिकांच्या यादीपेक्षा बदलाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. मजूर असलेली बाई शेतकरी झाली, हा लहान बदल नव्हे. परंतु त्यासाठी घराची सारी जमीन पणास लागली नाही. घरच्यांची संमती आधी घेतली गेली. एक एकर फसला असता, तरी घर बसले नसते. गटातील दुसऱ्या बायका सल्ल्यास व उसनवारीस जवळ होत्या. आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या पैशाऐवजी थोडाथोडा पैसा वरचेवर हाती येऊ लागला. कोणताही धंदा बदलताना ह्या पाच गोष्टी जमतात की नाही, हे प्रथम पाहावे.

रेशीम : पीक नव्हे, पशुपालन

आज जिल्ह्यात धंदा बदलू इच्छिणाऱ्यांचा ओढा रेशीमशेतीकडे आहे, म्हणून तिचेच उदाहरण विस्ताराने घेऊ. रोजगार हमी योजनेतून तुतीची लागवड व कीटकसंगोपनगृह यांसाठी गेल्या काही वर्षांत साहाय्य मिळत आले आहे. पूर्वी मराठवाड्यातील शेतकऱ्यांना कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ साली जालना येथे कोष बाजारपेठ सुरू झाली व ते अंतर पुष्कळ कमी झाले.

परंतु तुती लावणाराची पहिली चूक ही होते, की तो तिला आणखी एक पीक समजतो. वस्तुतः तुती हा केवळ चारा होय. खरा धंदा अळी सांभाळण्याचा आहे, म्हणजे तो गोठ्याच्या जातीचा आहे. सोयाबीन पेरून मनुष्य चार दिवस पाहुण्यांकडे जाऊ शकतो. अळ्या रॅकवर असताना तसे जाता येत नाही.

अळी अंड्यातून निघाल्यापासून साधारण पंचवीस दिवसांत कोष विणावयास लागते. ह्या काळात ती चार वेळा कात टाकते. पहिल्या दोन काती होईपर्यंतची नाजूक अवस्था, जिला आपण चॉकी म्हणतो, ती जाणत्या चॉकी केंद्रात पार पाडून पुढील अळ्या घरी आणाव्या, हे नवशिक्यास हिताचे असते. एकूण पाल्यापैकी सुमारे चार-पंचमांश पाला अळी शेवटच्या, पाचव्या अवस्थेत खाते. म्हणून शेवटच्या आठवड्यात घरातील सर्वांना पहाटेपासून रात्रीपर्यंत फांद्या तोडणे, वाहणे व घालणे एवढेच काम असते. त्याच आठवड्यात घरी लग्नकार्य असेल अथवा पाला कमी पडला, तर तीन आठवड्यांची मेहनत वाया जाते.

संगोपनगृहातील उष्णता साधारण २३ ते २८ अंश सेल्सिअस व हवेतील ओलावा ६५ ते ८५ टक्के असावा लागतो. आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांत हे राखणे अवघड आहे. त्यामुळे उन्हाळ्यात बॅच न घेता फक्त तुती जगविणे हेच अनेक ठिकाणी शहाणपणाचे ठरते. बॅच संपल्यावर गृहाचे व साहित्याचे निर्जंतुकीकरण कंटाळा न करता करावे लागते; तसे न केल्यास एका बॅचचा रोग पुढच्या बॅचला वारशाने मिळतो.

आणखी एक भेद हिशेबाचा आहे. सोयाबीनचे पोते भाव येईपर्यंत घरात थांबविता येते. कोष थांबविता येत नाहीत. दहा-बारा दिवसांत आतील पतंग कोष फोडून बाहेर येतो, व फुटलेल्या कोषाचा अखंड धागा निघत नाही. म्हणून कोष तयार झाले, की त्या दिवसाचा जो भाव असेल तो घेऊन विकावे लागतात. भाव पडला म्हणून अडून बसण्याची सवय ज्याच्या अंगी मुरली आहे, त्याने हे आधी समजून घ्यावे.

निर्णयाची पाच मापे

धंदा पसंत पडणे वेगळे व तो आपल्या घराला मानवणे वेगळे. त्यासाठी पुढील पाच मापे लावून पाहावी.

पहिले माप पाण्याचे. विहिरीचे पाणी ऑगस्टात न मोजता मे महिन्यात मोजावे. परांडा-भूमकडील पर्जन्यछायेच्या भागात हे विशेष जपावे. गेल्या पाच उन्हाळ्यांत विहीर किती वेळा आटली, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. पाणी तुती जगविण्यापुरते असले, तर वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत धंदा चालू शकतो. तेवढेही नसेल, तर धंदा चांगला असूनही आपला नव्हे.

दुसरे माप माणसांचे. रोज पहाटे पाला तोडावयास कोण जाणार? रात्रीचा पाला कोण घालणार? ह्या प्रश्नांची उत्तरे नावानिशी द्यावी. बहुधा ही नावे घरातील स्त्रियांची निघतात. तेव्हा त्यांस विचारल्यावाचून निर्णय होऊ नये, व येणारा पैसा त्यांच्याही खात्यावर जमा व्हावा. राबणारी एक व पासबुक दुसऱ्याचे, अशी व्यवस्था फार काळ टिकत नाही.

तिसरे माप शेजाराचे. रेशीम अळी कीटकनाशकास अतिशय नाजूक आहे. शेजारच्या सोयाबीनवर अगर द्राक्षावर झालेल्या फवारणीचे तुषार वाऱ्याने तुतीवर आले, तर तो पाला खाऊन सारी बॅच एका दिवसात मरू शकते. तुतीचा तुकडा फवारणीच्या शेताला लागून नसावा. आणि बांधाच्या शेजाऱ्याशी भांडण असेल, तर ते आधी मिटवावे. "फवारणी करण्यापूर्वी दोन दिवस कळवीत जा," एवढे ज्याला हक्काने सांगता येते, त्याच शेजारात हा धंदा सुरक्षित आहे.

चौथे माप बाजाराचे. गावात व लगतच्या गावांत मिळून निदान पाच-सात रेशीम उत्पादक असावे. गाडीभाडे वाटून घेता येते, चॉकी एकत्र आणता येते व अडचणीस सल्ला मिळतो. एकट्याने सुरू केलेला धंदा बहुधा वाहतुकीत खर्ची पडतो.

पाचवे माप घरखर्चाचे. जूनमधील शाळेचा खर्च, बी-बियाणे, आजारपण, सणवार यांचा महिनावार कागद करावा. तुती लावल्यापासून पहिला पैसा येईपर्यंत सात-आठ महिने सहज जातात. तेवढे महिने घर कशावर चालणार, हे त्या कागदावर दिसले पाहिजे. जी कुटुंबे ऊसतोडीची उचल घेतात, त्यांचा प्रश्न अधिकच कठीण. तोडणीचा हंगाम व रेशमाच्या थंडीतील चांगल्या बॅचेस एकाच काळात येतात. उचल अंगावर असता रेशीम सुरू करणे म्हणजे दोन गावच्या यात्रा एकाच दिवशी गाठणे होय. त्यांनी प्रथम एक वर्ष उचल कमी करण्याचा व घरातील एक तरी जाणते माणूस मागे ठेवण्याचा विचार करावा, व त्यानंतरच नव्या धंद्याचा.

दोन हिशेब

मेळाव्यात नेहमी यशाचा हिशेब सांगितला जातो. शेतकऱ्याने दोन हिशेब मांडावे. खालील भाव व खर्च केवळ हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्ष भाव बाजारात विचारून घालावे.

समजा, एक एकर तुतीवर वर्षात चार बॅचेस घेतल्या व प्रत्येकीत १५० अंडीपुंज ठेवले. शंभर अंडीपुंजांस ६० किलो कोष, म्हणजे बॅचला ९० किलो. किलोस ४०० रुपये भाव धरल्यास बॅचचे ३६,००० रुपये व वर्षाचे १,४४,००० रुपये. बॅचमागे अंडीपुंज, निर्जंतुके, खत, मजुरी व भाडे मिळून १०,००० रुपये खर्च धरला, तर चार बॅचेसचे ४०,००० रुपये वजा जाऊन १,०४,००० रुपये उरतात. हा पहिला हिशेब.

आता दुसरा. हात अजून बसलेला नाही, म्हणून शंभर अंडीपुंजांस ४० किलोच कोष धरा. बॅचला ६० किलो झाले. भाव उतरून ३०० रुपये झाला. एक बॅच रोगाने पूर्ण गेली. तीन बॅचेसचे मिळून ५४,००० रुपये आले. खर्च मात्र चारही बॅचेसचा झाला, तो ४०,००० रुपये. हाती उरले १४,००० रुपये.

एक एकर तीच, घर तेच, राबणेही तेच. परंतु एका हिशेबात लाखाच्या वर व दुसऱ्यात चौदा हजार. संगोपनगृहासाठी कर्ज काढले असेल, तर त्याचा हप्ता ह्या दोहोंतही धरलेला नाही. पहिल्या वर्षी दुसरा हिशेब खरा होण्याचा संभव अधिक असतो, कारण हात शिकत असतो. चौदा हजारांच्या वर्षातही ज्याचे घर मोडणार नाही, त्याने हा धंदा खुशाल करावा. ज्याचे सारे गणित पहिल्या हिशेबावर बेतलेले आहे, त्याने एक वर्ष थांबून तयारी करावी.

बदल पार पाडण्याची रीत

निर्णय झाल्यावर घाई करू नये. वाफसा आल्याशिवाय आपण पाभर धरीत नाही. येथेही तोच नियम आहे.

प्रथम एक हंगाम शिकण्यात घालवावा. चालू असलेल्या एखाद्या संगोपनगृहात अळ्या आल्यापासून कोष विकेपर्यंत पूर्ण एक बॅच काम करावे. एका दिवसाच्या सहलीत सगळेच छान दिसते. बाविसाव्या दिवशीच्या रात्री धंदा कळतो. नवरा-बायको दोघांनीही हे शिकावे. जिल्हा रेशीम कार्यालय व तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र येथे मार्गदर्शन मिळते, त्याचा लाभ घ्यावा. साहाय्याचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने ते तेथेच प्रत्यक्ष विचारावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

दुसरे, लागवड थोडी करावी. जुने पीक एकदम काढू नये. सोयाबीन, तूर, ज्वारी ह्यांवर घर चालत राहील व तुतीच्या तुकड्यावर हात बसेल, अशी वाटणी करावी. जुना बैल विकण्यापूर्वी नवा बैल औताला चालतो की नाही हे पाहावे लागते, तसेच हे आहे.

तिसरे, अनुदानाचा पैसा हाती येईपर्यंत काही काळ जातो, हे गृहीत धरावे. अनुदान येईल ह्या भरवशावर सावकाराकडून पैसा उचलून पक्के बांधकाम करू नये. अळीला स्वच्छ, हवेशीर व थंड जागा हवी असते. भिंतीचे सौंदर्य तिला नको असते.

चौथे, वही ठेवावी. प्रत्येक बॅचची तारीख, अंडीपुंज, पाल्याचा अंदाज, मेलेल्या अळ्या, कोषांचे वजन, भाव व खर्च लिहावा. घरच्यांची मजुरीही लिहावी. तीन बॅचेसनंतर वही जे सांगते ते शेजारी, दलाल व अधिकारी कोणीही सांगू शकत नाही.

पाचवे, थांबण्याची खूण आधीच ठरवून ठेवावी. उदाहरणार्थ, "सलग तीन बॅचेस खर्चाखाली गेल्या, अथवा घरातून पन्नास हजारांहून अधिक पैसा गेला, तर आपण थांबून पुन्हा विचार करू," असे दोघांनी मिळून, डोके शांत असताना लिहून ठेवावे. तोटा होत असता माणूस "आणखी एक बॅच पाहू" म्हणत बुडत जातो, व त्याचे मोठे कारण लोकलज्जा हे असते. संगोपनगृह रिकामे दिसले तर भावकी हसेल, ही भीती मनातून काढावी. शिकून, मोजून केलेल्या धंद्यातून वेळेवर परत फिरणे यात कमीपणा नाही. भावकी हसते ती चार दिवस. कर्ज राहते ते चार वर्षे.

रेशीम न मानवल्यास

वरील मापे लावून रेशीम आपल्यासाठी नाही असे दिसले, तर तेही उत्तरच आहे. ज्यांच्याकडे पाणी कमी व जमीन नाममात्र आहे, त्यांनी आपल्या मातीतील उस्मानाबादी शेळीचा विचार करावा. बहुधा काळ्या रंगाची ही शेळी आपल्या हवेला टिकते व जुळी करडे देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत ती विते. येथेही एकदम कळप आणू नये. दोन-चार शेळ्यांपासून सुरुवात करावी, पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने पीपीआर इत्यादी लसी टोचून घ्याव्या, आणि नर करडे विकून माद्या वाढवाव्या. विकत घेतलेल्या कळपापेक्षा घरी वाढलेला कळप माणसास अधिक शिकवितो.

भूम-वाशीच्या डोंगराळ भागातील लोकांनी दूध दूरच्या शहरात पोचेपर्यंत नासते ही अडचण ओळखून खव्याची भट्टी धरली, व तेथला खवा दूरदूरच्या बाजारांत जाऊ लागला. स्वतःची अडचण नीट ओळखली, की धंदा त्या अडचणीतूनच सापडतो, याचे हे घरचे उदाहरण आहे.

काहींचा विचार गाव सोडून पुण्यास अथवा सोलापुरास कामाला जाण्याचा असतो. त्यात गैर काही नाही. मात्र जाण्यापूर्वी जमीन विकू नये. जमीन बटईने अगर खंडाने द्यावयाची झाल्यास मुदत व वाटा यांचा लेख करून द्यावा. सातबाऱ्यावरील नोंदी तपासून घ्याव्या, व पहिले वर्ष घरातील सर्वांनी न जाता एकाने जाऊन पाहावे. शहरातील पगाराच्या आकड्यातून खोलीचे भाडे, प्रवास व खाणावळ वजा करून मगच त्याची शेतीच्या उत्पन्नाशी तुलना करावी. येथेही एका एकराचाच धडा लागू आहे.

ग्रामकार्यकर्त्यांना विनंती

गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांवर उद्दिष्टाचा भार असतो, हे आम्ही जाणतो. परंतु उद्दिष्ट गाठण्यासाठी ज्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी नाही त्याच्याकडून तुती लावून घेतली, तर दोन वर्षांनी ते रिकामे गृह साऱ्या गावास उलटा धडा देत राहते. शेतकऱ्यास सहलीस न्यावयाचे तर यशस्वी उत्पादकाकडे न्यावे, व ज्याने धंदा सोडला त्याच्याकडेही न्यावे. दुसऱ्या घरी अधिक शिकावयास मिळते. अर्ज भरून घेण्यापूर्वी वरील पाच मापे त्याच्यासमवेत, व त्याच्या घरच्या बाईंसमवेत, बसून लावावी. "सध्या करू नका," असा सल्ला द्यावा लागला, तर तोही आपल्या कामाचाच भाग समजावा. असा सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याचा शब्द पुढे "आता करा" म्हणतानाही मानला जातो.

येत्या मृगापूर्वी ज्यांना काही नवे करावयाचे मनात आहे, त्यांनी एवढेच करावे : ह्या मे महिन्यात विहिरीत दोर सोडून पाणी मोजावे, घरातील सर्वांनी एकत्र बसून बारा महिन्यांच्या खर्चाचा कागद तयार करावा, व जवळच्या एखाद्या संगोपनगृहात अगर गोठ्यात काम शिकावयास आठ दिवस तरी जावे. ह्या तीन गोष्टींस पैसा लागत नाही. त्या केल्यावर जे उत्तर येईल, मग ते धंदा बदलण्याचे असो अगर आहे तोच नेटाने करण्याचे असो, ते आपल्या घरचे उत्तर असेल व त्यावर निर्धास्तपणे चालता येईल.